शमुवेलमामांचा पाय

कडुनिंबाला फुलोरा येतो, छावणीतल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे चढतात, पाण्याच्या टँकरमागे हंडे-घागरी धावू लागतात आणि आमच्या देवळात वेदीवर जांभळं कापड येतं. उपवासकाळ सुरू. आता ईस्टरपर्यंत मटण बंद, लग्नं बंद, मोठ्याने हसणं शक्यतो बंद. यातलं पहिलं मला जमतं, दुसऱ्याशी या वयात माझा संबंध उरलेला नाही आणि तिसरं मला आजवर साधलेलं नाही. शाळेत चित्रकला शिकवणं हे माझं पोटाचं काम आणि देवळातली नाटकं बसवणं हा माझा रोग. येशूच्या दुःखसहनाच्या नाटकात, त्याला तीस नाण्यांना विकणाऱ्या यहूदाचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. देवळाच्या मंडळीतली पोरं मला रस्त्यातसुद्धा ‘यहूदा अंकल’ म्हणतात. क्रांती चौकात एकदा एक ट्रॅफिक हवालदार हे ऐकून चमकला होता.

तर असे हे दिवस आले, की मी देवळात शिरताना आधी वास घेतो. बाकीचे डोळे मिटून प्रार्थना करतात, मी नाकपुड्या फुगवतो. जुन्या लाकडाचा, चुन्याचा, बायकांच्या गजऱ्यांचा वास वेगवेगळा करून बघतो. कारण एका वर्षी, याच दिवसांत, आमच्यातल्या एका माणसाचा पाय सडत होता आणि आम्ही सगळी मंडळी मिळून त्या वासाचं कुळ शोधत होतो.

आमची मंडळी म्हणजे एक लहानसा भारतच, असं पाहुण्यांना सांगायची आमच्यात पद्धत आहे. पाहुणे खूश होतात. भारत कसा असतो हे ते तेवढ्यापुरतं विसरतात. पुढच्या बाकांवर छावणीवाले. यांचे पणजोबा गोऱ्या साहेबाकडे खानसामे नाहीतर कारकून होते. साहेब गेला, पण त्याचा कोट यांच्याकडे राहिला आणि तो भर एप्रिलातही अंगावरून उतरत नाही. मधल्या बाकांवर आम्ही गाववाले, गंगापूर-पैठणकडून आलेले. संख्या मोठी, आवाज त्याहून मोठा. डावीकडे केरळवाले, शांत, वक्तशीर, डोक्याला भरपूर खोबरेल. आणि दारापाशी जो जाडजूड खांब आहे, त्याच्या मागे तीन-चार घरं. त्यांना नाव नाही. ‘खांबामागचे’ एवढंच. तिथून वेदी दिसत नाही, फक्त ऐकू येते.

आमच्यात जात नाही. हे वाक्य आम्ही शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणतो. फक्त सोयरीक जुळवताना हळूच विचारतो, “मूळचे कुठले?” समोरचा गावाचं नाव सांगतो, तरी आमचं समाधान होत नाही. मग आजोबांचा धंदा विचारतो.

शमुवेलमामा खांबामागचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्री. मामा शहागंजातल्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट, त्याला सोनेरी दोऱ्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि पायात मालकाने दिलेले पांढरे बूट. बूट सगळ्या बँडला एकाच मापाचे, पाय मात्र ज्याचे त्याचे. लग्नसराईत नवरदेव घोड्यावर आणि मामा तापलेल्या डांबरावर. गाल फुगवून असे वाजवायचे की वरातीतल्या म्हाताऱ्यासुद्धा खांदे उडवायच्या. देवळात मात्र त्यांचं क्लॅरनेट कधी वाजलं नाही. देवळात पियानोचा आवाज काढणारी पेटी होती. ती पवित्र. क्लॅरनेट वरातीतलं.

आता ईस्टरच्या आधीच्या, म्हणजे पवित्र गुरुवारची आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. त्या दिवशी संध्याकाळी वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात. त्यावर मंडळीतले बारा जण बसतात आणि पाळकसाहेब गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात. येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे. नम्रतेचा सण. आणि या नम्रतेत आपला माणूस बसावा म्हणून जी मारामारी चालते, ती महानगरपालिकेच्या निवडणुकीतही बघायला मिळणार नाही. छावणीवाल्यांच्या खुर्च्या ठरलेल्या, आमच्या ठरलेल्या, केरळवाल्यांच्या दोन. खांबामागे एकही नाही. शेवटची खुर्ची यहूदाची म्हणून कुणालाच नको असायची, ती आपोआप माझी. नाटकाने मला एवढं मात्र दिलं.

आणि गंमत ऐका. पाय धुऊन घ्यायला येणारा प्रत्येक जण घरून पाय धुऊन यायचा. वज्रीने टाचा घासून, नखं कापून, वासाचा साबण लावून. एका वर्षी छावणीतल्या एका साहेबांनी पायांना पावडर थापली होती. पाळकसाहेबांच्या घंगाळातलं पाणी दुधासारखं झालं आणि मागच्या बाकावरच्या एका म्हातारीला तो चमत्कार वाटला.

त्या वर्षी पाळकसाहेब नवे होते. तरुण, सडपातळ, लांबच्या जिल्ह्यातून आलेले. त्यांना आमचा हिशेब ठाऊक नव्हता किंवा ठाऊक असून त्यांनी तो मोडला. उपवासकाळ लागला त्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं, की यंदा एका खुर्चीवर शमुवेलमामा बसतील.

कमिटीच्या सेक्रेटरी डोरिसबाई. छावणीवाल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आवाजात अजून शाळेची घंटा. उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

“पास्टरसाहेब, आय हॅव नथिंग अगेन्स्ट हिम. चांगला मनुष्य आहे. पण ते वराती वाजवतात. गणपतीत सुद्धा असतात.”

“बाई,” पाळकसाहेब म्हणाले, “रस्त्यावर चालणारेच पाय धुवायचे असतात. गालिच्यावरचे धुऊन मी काय मिळवू?”

मी शेजारीच उभा होतो. असं वाक्य मला नाटकात सुचत नाही याचं मला फार वाईट वाटलं.

मामा त्या दिवशी खांबामागून पुढे आले ते जरा दबकतच. मला म्हणाले, “मास्तर, माझ्या बापानं ह्या देवळात जल्मभर झाडू मारला. पर फुडं कवा बसला नाय. आता म्या बसनार, बगा. आमची समदी घरं बगाया येनारेत. राहेल तर आत्तापास्नंच रडायली.”

राहेल म्हणजे राहेलमामी, त्यांची बायको. खांबामागच्या घरांनी वर्गणी काढून मामांना पांढरी पँट आणि नवे मोजे घेतले. पाय धुऊन घ्यायला जाणाऱ्या माणसाला मोजे कशाला, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पुढे बसायचं तर पाय झाकून जायला हवं, एवढं त्यांना कळत होतं.

मामांनी ते मोजे पुढच्याच रविवारी घातले आणि परत काढलेच नाहीत.

त्याआधीच, लग्नसराईत कधीतरी बुटातला खिळा वर आला होता. मामांना तो टोचलाच नाही. साखरेची बीमारी जुनी, तळपाय केव्हाचे बधिर झालेले. घरी आल्यावर बुटात रक्त दिसलं तेव्हा कळलं. हळद भरली, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी दुसरी वरात. मग बोट काळं पडलं. राहेलमामी दवाखान्यात चला म्हणून मागे लागली. मामा म्हणाले, ईस्टर होऊ दे. मामी भांडली तेव्हा त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली, की हे दाराबाहेर जाणार नाही. का, तर दवाखान्यात ठेवून घेतलं असतं. मग खुर्ची रिकामी पडली असती आणि रिकामी खुर्ची भरायला माणसं टपलेलीच होती. एकदा गेलेली खुर्ची खांबामागे पुन्हा कधी येणार?

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आम्हाला त्या वेळी फक्त वास येत होता.

पहिल्यांदा तो डोरिसबाईंना आला. आमच्या मधल्या बाकांकडे बघत, रुमाल नाकाला लावून त्या म्हणाल्या, “काही लोक उपासनेला येण्यापूर्वी सुकट खातात. निदान लेंटमध्ये, उपवासात तरी…” आम्ही गाववाले खवळलो. आमच्यातल्या एकाने मोठ्याने सांगितलं, की हा वास छावणीतल्या कोटांचा आहे, डांबराच्या गोळ्या आणि आजोबांचा घाम. मग दोन्ही पक्षांचं एकमत झालं, की केरळवाल्यांचं खोबरेल उन्हाने खवट होतं. केरळवाल्यांचे पुढारी थॉमससाहेब फार सज्जन गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, “इट मे बी ड्रेनेज. हमारे साइड में तो कुछ नहीं.” पुढच्या रविवारी मात्र सगळे केरळवाले कोरड्या केसांनी आले आणि कुणाशीही बोलले नाहीत.

कुणीतरी उदबत्ती लावली. त्यावरून रण माजलं. देवळात उदबत्ती म्हणजे काय? आपण कोण आहोत? आपले पूर्वज कशासाठी इकडे आले? एका उदबत्तीने आमचा सगळा इतिहास धुमसायला लागला. शेवटी निर्णय झाला, की माळ्यावर वटवाघूळ मेलं असणार. शनिवारी चारही गटांची माणसं जमली. मी शिडीवर चढलो, नाटकी माणूस, उंचावर जायची हौस. माळ्यावर कबुतरांची पिसं, नाताळचा मोडका तारा आणि माझ्या जुन्या नाटकातली पुठ्ठ्याची तलवार सापडली. वटवाघूळ नव्हतं. वरून मी ओरडलो, “इथे तर वास येतच नाही! वास खालीच आहे!”

खाली शिडी धरून उभे होते शमुवेलमामा. नव्या मोज्यांत.

त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “उतरा मास्तर, हळू. पाय सटकंल.”

मंडळी हे एकच शरीर आणि आपण सगळे त्याचे अवयव, याच विषयावर पाळकसाहेब त्या वर्षी दर रविवारी बोलत. दाढ दुखली तर रात्रभर सगळं अंग जागं राहतं, असं सांगत. मंडळी माना डोलावत. मामाही खांबामागे डोलावत असतील. पण मामांचा पाय दुखत नव्हता, हाच तर त्यांचा रोग होता. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजायची सवय त्यांच्या पायाला आणि आमच्या मंडळीला लागलेली होती. आज मी हे वाक्य ऐटीत लिहितोय. तेव्हा माझं लक्ष नाटकाच्या दाढ्या-मिशांकडे होतं.

पवित्र गुरुवारी देऊळ भरलं. खांबामागची घरं पहिल्यांदाच खांबापुढे, भिंतीला टेकून उभी होती. पोरींनी केसांना रिबिनी लावल्या होत्या. बारा खुर्च्या. अकरावीवर मामा, पांढरी पँट, तेल लावून चापून बसवलेले केस, मांडीवर दोन हात. बारावीवर मी. माझ्या पायांना त्या दिवशी माझ्या बायकोचं गुलाबाचं अत्तर होतं, हेही सांगून टाकतो.

पाळकसाहेब घंगाळ सरकवत एकेका खुर्चीपुढे गुडघे टेकत आले. पेटीवर हळू सूर चालू होता. मामांच्या समोर ते आले आणि मामा वाकून कुजबुजले, “साहेब, मोज्यावरूनच वता. भागंल तेवढ्यानं.”

पाळकसाहेबांना वाटलं, बुजलेत. त्यांनी हसून मोजा धरला आणि ओढला. तो नुसता निघेना. अर्धा निघाला आणि त्याच्याबरोबर आणखी काही निघालं, ते मी लिहीत नाही. इतके आठवडे ज्या वासावरून आम्ही एकमेकांच्या ताटात, कपाटात आणि केसांत नाक खुपसत होतो, तो तिथे उघडा होऊन बसला. पेटी थांबली. पुढच्या बाकावर कुणीतरी ओकलं. बारा जणांतले काही खुर्च्या सोडून मागे सरकले. डोरिसबाई उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या.

पाळकसाहेब उठले नाहीत. त्यांनी तो पाय दोन्ही तळव्यांत धरला, तांब्याने त्यावर पाणी सोडलं, हळू, लहान मुलाला न्हाऊ घालतात तसं. मग कंबरेचा पंचा सोडून टिपला. मामा समोर बघत ताठ बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा बँडच्या फोटोतल्यासारखा. राहेलमामी भिंतीपासून ओरडली, “झालं ना? धुतला ना? आता तरी न्या वो त्यांना!”

रिक्षा बाहेरच होती. रिक्षावाल्याने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा मोकळ्या पायाकडे. “अरे, ये तो अपने बँडवाले चाचा! बैठो, बैठो चाचा, पैसे की बात मत करो.” आणि तो सरकारी दवाखान्याकडे सुटला.

माझी बारावी खुर्ची राहूनच गेली. माझे पाय त्या वर्षी कोरडे राहिले.

ईस्टर झाला. आम्ही ‘प्रभू उठला आहे’ म्हणून गायलो. मामा दवाखान्यात पडून होते. नंतरच्या आठवड्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं. हे वाक्य डॉक्टर सहज बोलून पुढच्या खाटेकडे गेले. राहेलमामी मात्र तिथेच फरशीवर बसली.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा शुद्धीवर होते. पहिला प्रश्न, “मास्तर, खुर्ची मोजली ना त्यायनं? बसलो म्हनून धरतील ना?”

“धरतील, मामा.”

“मंग ठीक.” मग चादर चाचपत म्हणाले, “माझा पाय कुटं हाय?”

वॉर्डबॉयने सांगितलं होतं, नातेवाइकांनी नेला नाही तर दवाखाना त्याची विल्हेवाट लावतो. मी ते गुळगुळीत करून सांगितलं. मामा उठून बसायला लागले.

“इल्हेवाट? नाय. कचऱ्यात नाय टाकायचा. माझा पाय मला लागंल.”

“कधी, मामा?”

“उठायच्या दिशी. तुतारी वाजंल, कबरीतले समदे उठून हुभे राह्यतील. अन् म्या काय बसून ऱ्हाऊ? पुन्यांदा बसूनच?”

मी उठलो आणि वॉर्डबॉयला गाठलं. पाय टाकू नकोस, आम्ही येऊन नेऊ, असं त्याला सांगितलं.

पाय पुरायचं ठरलं. कमिटी बसली. डोरिसबाई म्हणाल्या, “पायाच्या दफनाची उपासना पुस्तकात नाही.” पाळकसाहेब म्हणाले, “मग पुस्तक मिटून करू.” जागा कुठे द्यायची यावर बरीच चर्चा झाली, कारण आमच्या कबरस्तानातही बाकं आहेत. दारातून शिरताच छावणीवाले, संगमरवरी. मग आम्ही, सिमेंटचे. मग केरळवाले, फरशा लावलेले. आणि पार टोकाला, नाल्याकडच्या पडक्या भिंतीपाशी, खांबामागचे, मातीचे. पण त्या टोकाला खडक होता, एवढ्याशा कामाला कोण कुदळ लावणार? छावणीवाल्यांच्या ओळींच्या कडेला तान्ह्या मुलांच्या कबरींची एक रांग आहे, कडुनिंबाखाली. तिथे मऊ माती आणि हातभर जागा होती. पाय लहान. डोरिसबाईंनी मान हलवली.

मोसंबीची एक लाकडी पेटी आणली. बाहेरून व्यापाऱ्याचा शिक्का, आतून राहेलमामीचं लुगडं. आणि तिच्यामागे सगळी मंडळी. खरं सांगतो, चारही गट एकत्र आलेले मी दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमाला पाहिलेले नाहीत. कोट, सुती साड्या, केरळवाल्यांच्या पांढऱ्या लुंग्या, खांबामागच्या रिबिनी, सगळे एका हातभर खड्ड्याभोवती खांद्याला खांदा लावून उभे. काही दुःखाने आले होते, बरेचसे बघायला आले होते. पायाचं दफन रोज थोडंच होतं! कोणतं गीत म्हणायचं कुणालाच कळेना. तेवढ्यात फाटकाबाहेरून क्लॅरनेट नसलेला बँड वाजायला लागला. मामांचे सोबती लाल कोट घालून आले होते, ड्रमवाले रहीमभाई पुढे. आत यायचं की नाही, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बाहेरच उभे. त्यांना येत होत्या त्या सगळ्या वरातीच्या चाली. त्यातलीच एक त्यांनी अगदी सावकाश वाजवली. त्या दिवशी मला वाटलं, झालो आम्ही एक. मी घरी येऊन बायकोला तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, “पायापुरते.”

बायको माझ्यापेक्षा नेहमीच पुढचा अंक वाचून बसलेली असते.

पावसाळा उतरता उतरता मामा गेले. जखम भरली नाही, विष मूत्रपिंडात गेलं. पाळकसाहेबांची तोवर बदली झाली होती. वासाच्या त्या वर्षाबद्दल कुणाला तरी जबाबदार धरायला हवंच होतं. राहेलमामी कमिटीपुढे पदर सावरून उभी राहिली. एवढंच म्हणाली, “बाई, त्यांना त्यांच्या पायापाशी ठेवा.”

“राहेल, मला समजतं,” डोरिसबाई म्हणाल्या आणि मला वाटतं त्यांना खरंच समजत होतं. “पण तिथे चाइल्डचीच जागा आहे. पूर्ण माणसाची नाही. आणि शेजारी आमच्या लोकांचे राखीव प्लॉट आहेत. आज एकाला दिलं तर उद्या…”

“मंग पाय तरी तिकडं न्या.”

आम्ही न्यायला गेलो. पण पावसाने त्या रांगेतले सगळे लहान उंचवटे सपाट केले होते. गवत वाढलेलं. मोसंबीची पेटी कोणती आणि कुणाचं तान्हं कोणतं, सांगता येईना. कुदळ घेऊन आलेला माणूस ती परत खांद्यावर टाकत म्हणाला, “मी नाय बा इथं घाव घालनार,” आणि निघून गेला. त्याचं चुकलं असं कुणीही म्हटलं नाही. मामांना खांबामागच्यांत, नाल्याच्या भिंतीपाशी, खडक फोडून पुरलं. त्या खड्ड्याला लागली ती सगळी माणसं त्यांच्याच घरांतली.

तेव्हापासून आमच्याकडे पाय धुणं बंद आहे. आरोग्याच्या दृष्टीने. आता पवित्र गुरुवारी सगळे रांगेने जातात आणि नवे पाळकसाहेब नक्षीच्या सुरईतून हातांवर पाणी घालतात. हात सगळ्यांचेच स्वच्छ असतात. हा ठराव कमिटीत आला तेव्हा छावणी, गाव, केरळ, सगळ्यांचे हात एकदम वर गेले होते. माझ्या आठवणीत पूर्ण एकमताने मंजूर झालेला तो एकच ठराव.

यंदाही जांभळं कापड आलं. रिवाजाप्रमाणे ईस्टरच्या आधी कबरींची रंगसफेदी करायला आम्ही कबरस्तानात जमलो. ऊन असं की संगमरवरावर हात टेकवत नव्हता. मी आईच्या कबरीवरचं गवत काढत होतो, तेवढ्यात नाल्याकडून राहेलमामी येताना दिसली. आता पार वाकली आहे. हातात चुन्याचं डबडं. मामांची कबर पांढरी करून झाली होती आणि ती कडुनिंबाकडे निघाली होती. पण सरळ चालत नव्हती. दर दोन-चार कबरींपाशी थांबायची, चुन्यात बोट बुडवायची आणि दगडाच्या कोपऱ्यावर एक ठिपका लावायची. केरळवाल्यांच्या फरशीवर ठिपका. आमच्या सिमेंटवर ठिपका. छावणीच्या संगमरवरावर ठिपका.

“मामी, हे काय करताय?”

“वाट दावायले.” तिने कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला. “त्यांला ठावं नाय ना पाय कुटं पुरला. तवा खाटंवर व्हते. उठल्यावर लंगडी घालत हुडकतील का इतक्या मान्सांत? ठिपक्या-ठिपक्यानं येतील. मधी कुनाच्या तरी दगडावर हात टेकतील. मेल्यावर तरी कोन नाय म्हननार नाय. व्हय का नाय, मास्तर?”

मी “व्हय” म्हणालो.

ती कडुनिंबाखाली गेली. त्या सपाट रांगेत पाय नेमका कुठे आहे ते तिलाही माहीत नाही. म्हणून तिने अख्ख्या रांगेला चुना लावला, कुणाकुणाच्या तान्ह्यांसकट.

तेवढ्यात फाटकातून डोरिसबाई आल्या. काठी, छत्री, बरोबर नात. त्या आपल्या नवऱ्याच्या कबरीपाशी थांबल्या. ठिपका अजून ओला होता. त्यांनी तो पाहिला, मग दूर वाकलेल्या राहेलमामीकडे पाहिलं. नाटकवाला ना मी, मला वाटलं, आता पडदा पडायला हरकत नाही.

डोरिसबाईंनी पर्समधून रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि ठिपका नीट पुसून घेतला. मग कडुनिंबापर्यंतच्या बाकीच्या संगमरवरांवरचेही, एकेक करून. संगमरवर आहे, डाग राहतो.

मी आईच्या कबरीकडे परतलो. तिच्या कोपऱ्यावरही एक ठिपका आहे, आमच्या खरबरीत सिमेंटवर तो लगेच सुकतो. तिथून पुढचा ठिपका शोधला. नव्हता. आमच्या आईपासून कडुनिंबापर्यंत आता सगळी पांढरी, स्वच्छ, चकचकीत वाट आहे. मामा एका पायावर उड्या मारत इथवर येतील, आईच्या दगडावर हात टेकतील आणि इकडेतिकडे बघत उभे राहतील. तुतारी वाजत असेल, सगळे आपापल्या ओळीत उठून उभे असतील. आणि आमची आई, जिने जन्मभर त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही, ती त्यांच्या सगळ्यांत जवळ असेल.